पिकअपला अर्थिंग

गाडी सुरू करण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी घालणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. गाडी उभी केल्यावर तिच्या शेजारच्या जमिनीत पाणी घालणारं नाशकातलं एकमेव कुटुंब म्हणजे आमचं. लोक थांबून बघायचे. एकानं तर पालवी साधारण कधी फुटेल, असंही विचारलं होतं. मी त्यांना शांतपणे सांगायचो की ही पिकअप आहे आणि आम्ही तिला अर्थिंग देतोय. या उत्तरानं आजवर कोणाचंही समाधान झालेलं नाही.

हे सगळं साडीच्या काठामुळे झालं.

माझी छायाआत्या आमच्याकडेच राहते आणि फॉल-पिको करते. हिरावाडीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, जिथे इतर सोसायट्यांमध्ये मोडक्या सायकली ठेवतात, तिथे तिचं दुकान आहे. आता पुरुष वाचकांसाठी थोडं विज्ञान. नव्या साडीच्या खालच्या काठाला आतून जी पट्टी लावतात तो फॉल, आणि साडीच्या दोन्ही टोकांचे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्याची जी बारीक नागमोडी किनार घालतात तो पिको. फॉल हातानं लावता येतो. पिकोला मशीन लागतं, मशीनला मोटार लागते, आणि मोटारीला करंट लागतो. पूर्वी हे मशीन पायानं चालायचं, पण मोटार बसवली त्या दिवशी आत्यानं पायट्याचं स्टँड भंगारवाल्याला देऊन टाकलं. देश पुढे चालला होता, मागे कशाला बघायचं, असा तिचा विचार होता.

मग २००६ चा उन्हाळा आला आणि देश थांबला. पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक छापून यायचं. जाण्याची वेळ करंटनं कधीच चुकवली नाही. येण्याच्या बाबतीत मात्र तो जरा मोकळ्या स्वभावाचा होता. ऐन लग्नसराईत आत्या हातपंखा घेऊन बंद मशीनसमोर बसायची आणि साड्यांचे गठ्ठे तिच्या दोन्ही बाजूंनी जिन्याच्या पायऱ्यांकडे वाढत जायचे. वरच्या मजल्यावरची माणसं तिरकी होऊन घरी जायला लागली.

त्यातला सगळ्यात मोठा गठ्ठा बायडाबाईंचा. घोटीच्या पुढे त्यांची भाताची गिरणी आहे. मुलीच्या लग्नाचा बस्ता त्यांनी नाशकात फाडला आणि मानपानाच्या सगळ्या साड्या तशाच उचलून आत्याकडे आणून टाकल्या. लग्न रविवारी, हळद शनिवारी संध्याकाळी. हळदीच्या आधी साड्या हातात पडायला हव्यात, कारण हळदीलाच आहेर होतात आणि ज्या बाईला फॉल-पिको न केलेली साडी मिळते ती तशीच नेसून येते, भर मांडवात, सगळ्यांना दाखवून. अशा साडीवरून सुरू झालेले रुसवे तिसऱ्या पिढीत मिटतात, असं आत्या म्हणते.

त्यातच मेनरोडवरचे भिकाशेठ टेलर येऊन गेले. त्यांच्याकडे जनरेटर होता. ते बाबांना म्हणाले की मशीन मला देऊन टाका, ताईंनाही तिथेच बसवतो, बसल्या जागी करंट. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. आत्याचं मशीन त्यांना कधी पटलंच नव्हतं, ते त्याला ‘तो डबा’ म्हणतात. त्यांनी लगेच शब्द दिला: बायडाबाईंच्या साड्या हळदीआधी पोचल्या नाहीत, तर सोमवारी सकाळी येऊन डबा घेऊन जा.

आत्याला हे जेवताना सांगण्यात आलं. तिनं पानातली भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाली, “दादा, स्वतःच्या मशीनवर दुसऱ्याच्या दुकानात बसायचं, ना? बरं.” एवढंच. आमच्या घरात आरडाओरडा कोणी करत नाही. त्या ‘बरं’नंतर मात्र बाबांनी दही मागितलं नाही, आणि बाबा दह्याशिवाय उठलेले मी प्रथमच पाहिले.

त्याच क्षणी मला ती कल्पना सुचली. माझ्या कल्पनांविषयी घरात काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

माझ्याकडे एक सेकंडहँड पिकअप आहे. बी.कॉम. झाल्यावर मी बँकेत न जाता विंचूरहून कांदा आणि मखमलाबादहून भाजी वाहायला लागलो, याचं दुःख आईबाबांनी आता पचवलं आहे. मला दुःख आहे ते वेगळंच. घरात, सोसायटीत आणि नातेवाइकांत सगळे तिला टेम्पो म्हणतात. मी फरक समजावून सांगतो, ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि विचारतात, “मग टेम्पो कुठं लावलास?”

तर कल्पना अशी. घरी इन्व्हर्टर घेऊन उपयोग नव्हता, कारण त्याची बॅटरी भरायलाही करंटच लागतो आणि आमच्याकडे तो पाहुण्यासारखा चहापुरता यायचा. पण पिकअपची बॅटरी भरते ती गाडीच्या पळण्यावर. मी रोज विंचूरला जातोच. म्हणजे पिकअपमध्ये इन्व्हर्टर टाकायचा, मागे घरातल्यासारखा एक थ्री-पिन पॉइंट काढायचा, आणि संध्याकाळी आत्याचं मशीन त्याला जोडायचं. कांदा इकडून तिकडे जाताना वाटेत करंट तयार होणार. मी हे आत्याला सांगितलं. तिनं हातपंखा बाजूला ठेवला आणि म्हणाली, “कुंद्या, तू लहानपणी डोक्यावर पडला होतास, ते बरंच झालं म्हणायचं.”

चंदर वायरमनला बोलावलं. चंदरनं आयुष्यात घरं सोडून कशाचंच वायरिंग केलेलं नव्हतं, पण घरं त्यानं इतकी केली होती की त्याला पिकअपही घरासारखीच दिसायला लागली. तो मागच्या हौद्यात चढला, कमरेवर हात ठेवून चारही फळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “देवघराचा पॉइंट कुठं घ्यायचा?”

मी म्हटलं, एकच पॉइंट हवा आहे. तो हसला. प्रत्येक गिऱ्हाईक सुरुवातीला असंच म्हणतं, नंतर भिंती फोडाव्या लागतात, असं त्याचं म्हणणं पडलं. मी सांगितलं की भिंती नाहीत. तो म्हणाला, म्हणूनच आत्ता विचार करा. दुपारपर्यंत त्यानं सनमायकाचा एक देखणा बोर्ड हौद्याच्या फळीला ठोकला. त्यावर एक थ्री-पिन, ट्यूबलाइटचा एक खटका, पंख्याचा रेग्युलेटर आणि झोपून दाबता येईल असा बेडस्विच होता. बेलही होती. बटण मागे हौद्यात, बेल पुढे माझ्या डोक्यावर, आणि दाबलं की चिमणी चिवचिवायची. बेल कशाला, असं मी विचारलं. “उद्या कोणी आलं तर?” चंदर म्हणाला. हौद्यावर त्यानं ताडपत्री बांधून दिली, तेवढी कामाची होती.

एवढ्यात सावळीरामकाका आले. काका आमच्या शेजारी राहतात आणि ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. कारखान्यात ते नेमकं काय करायचे हे सोसायटीत कोणालाच माहीत नाही, कारण ते गुप्त आहे असं ते सांगतात. पण जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते ‘ही उडेल का’ अशाच नजरेनं बघतात. त्यांनी थ्री-पिनच्या वरच्या जाड भोकात पेन्सिल घालून पाहिली आणि विचारलं, “याची अर्थिंग कुठाय?”

चंदर ओशाळला. मी म्हटलं, काका, गाडीला कशाला अर्थिंग, ती रबरी टायरवर उभी आहे.

“अरे कुंदन, विमान काय लोखंडी चाकांवर उभं असतं का? विमान उतरलं की पेट्रोल भरायच्या आधी पहिली अर्थिंग लावतात. लढाऊ विमानाला चालतं आणि तुझ्या टेम्पोला कमीपणा वाटतो?”

पिकअप, असं मी म्हटलं, पण तोवर चंदर आणि काका जमिनीकडे बघत फिरायला लागले होते. एका माणसाला पटलं नाही तर दुसऱ्याला पटतं, पण दोघांना एकदम पटलं की तिसऱ्याला फावडं घ्यावं लागतं. घराच्या अर्थिंगला जे लागतं ते सगळं आलं: लोखंडी सळई, कोळसा, खडेमीठ आणि पाणी. फरक एवढाच की घर एका जागी असतं. आमची अर्थिंग फिरती होती. पिकअप जिथं उभी राहील तिथं खड्डा करायचा, मीठ-कोळसा घालायचा, सळई ठोकायची, तांब्यानं पाणी ओतायचं आणि लांब हिरवी वायर जोडायची. निघताना सळई उपटायची. काकांनी या सगळ्याचा क्रम मला पाठ करायला लावला. शेवटी आई खाली आली. नवीन वस्तूची पूजा केल्याशिवाय ती काहीच वापरू देत नाही, मिक्सरसुद्धा नाही. तिनं बोर्डाला हळदीकुंकू वाहिलं, मग तिला सळई दिसली, मग सळईलाही वाहिलं.

परवानगी लागते का, हेही काकांनी डोक्यात घालून दिलं. म्हणून मी आरटीओच्या बाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका एजंटला विचारून आलो. त्यानं विचारलं की हॉर्न बदललाय का, बॉडी वाढवली का, रंग बदलला का. मी नाही म्हटलं आणि काय केलंय ते सांगितलं. तो विचारात पडला. ट्यूबलाइट, पंखा आणि दारावर बेल असलेली वस्तू आरटीओकडे येतच नाही, असं त्याचं स्पष्ट मत पडलं. तुम्ही महापालिकेत जाऊन घरपट्टीचं बघा, म्हणाला.

संध्याकाळी भारनियमन सुरू झालं आणि संबंध हिरावाडीत एकच ट्यूब पेटली, ती माझ्या पिकअपमध्ये. आत्या हौद्यात पाट टाकून मशीनला बसली. तिनं बटण दाबलं, मोटार गुणगुणली, आणि पहिल्या साडीचं टोक सुईखालून सरसर पलीकडे गेलं. मला ती आठवण फार आवडते. अंधारात सगळी सोसायटी खाली उभी होती आणि वर उजेडात आत्या, चष्मा नाकावर, जणू ती तिथं जन्मापासून बसलेली आहे. बाबा गॅलरीतून बघत होते. मी वर पाहिलं तसे ते आकाशाकडे बघायला लागले.

दुसऱ्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या तृप्तीवहिनी मोबाइल चार्जिंगला घेऊन आल्या. मग कोणीतरी मिक्सर आणला, फक्त खोबरं वाटायचंय म्हणून. एकाचा माशांचा टँक होता, त्याला हवा लागते. थ्री-पिनला एक्स्टेन्शनची एक पट्टी लागली, पट्टीला दुसरी लागली. वाटणाच्या वासात आत्या पिको करत होती आणि कोणालाच नाही म्हणत नव्हती, कारण ह्याच लोकांनी तिला जिन्याखालची जागा दिली होती. परिणामी सकाळी पिकअप सुरूच झाली नाही. आदल्या रात्री चटणी खाल्लेल्या सगळ्यांनी मिळून ती ढकलली, उतारापर्यंत, काकांच्या ‘टेकऑफ’ या आरोळीवर. विंचूरचा व्यापारी माझी वाट बघून दुसऱ्या टेम्पोत कांदा भरून मोकळा झाला. दुसऱ्या टेम्पोत, असं तोच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वीज कंपनीचं भरारी पथक आलं. पथक म्हणजे एक साहेब, एक जीप आणि एक टेस्टर. संबंध एरिया अंधारात असताना एकाच ठिकाणी ट्यूब का पेटते, अशी त्यांच्याकडे तक्रार गेली होती. साहेबांनी आधी वर बघितलं, विजेच्या खांबावर आकडा टाकलाय का ते. आकडा नव्हता. मग त्यांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. गाडीतून एक हिरवी वायर निघून थेट जमिनीत शिरत होती. आयुष्यभर त्यांनी वरून होणारी चोरी पकडली होती, खालून होणारी ही पहिलीच.

मी सांगितलं की ही अर्थिंग आहे. साहेब म्हणाले की गाडीला अर्थिंग नसते. मी म्हटलं, तेच माझंही म्हणणं होतं. मग सावळीरामकाका पुढे झाले आणि विमानापासून सुरुवात केली. साहेबांनी सळई उपटून भोकात टेस्टर घातला. मीठ, कोळसा आणि ओली माती. पुन्हा घातला. शेवटी त्यांनी मला इंजिन चालू करायला सांगितलं, इन्व्हर्टरला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग आत्याकडे बघून विचारलं, “म्हणजे हा करंट तुमचा स्वतःचा आहे?”

“हो. पुतण्या विंचूरहून आणतो,” आत्या म्हणाली.

साहेब टेस्टर खिशात घालून गेले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले, स्कूटरवर, आणि डिकीतून साडी काढली. मिसेसची होती, दिवाळीपासून पडून होती.

हे सगळं होता होता शुक्रवार संपला आणि बायडाबाईंच्या गठ्ठ्यातल्या साड्या अजून उरलेल्याच होत्या. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. त्या घोटीच्या बाजारात येणार होत्या, हळदीचं सामान घ्यायला, आणि साड्या तिथेच मिळतील ना, असं विचारत होत्या. आत्यानं फोन धरून जिन्याखालच्या साड्यांकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे. “मिळतील,” ती म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, मशीन उचल.

घोटीचा शनिवारचा बाजार म्हणजे अर्ध्या तालुक्याचं येणं-जाणं. साडीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला जागा मिळाली. मी पाठ केलेल्या क्रमानं खड्डा केला, मीठ, कोळसा, सळई. आत्यानं तांब्यानं पाणी ओतलं. आईनं सकाळी निघताना सळईला पुन्हा हळदीकुंकू लावलेलं होतं, आणि गजऱ्यातली चार फुलंही खोचली होती, ती मी काढली नाहीत. मग आत्या वर जाऊन पिकोला बसली आणि मी चहा प्यायला गेलो. माझी चूक धरायची झाली तर तो चहा.

परत आलो तेव्हा सळईपुढे चार बायका उभ्या होत्या. त्यांनी जे पाहिलं त्यात चूक काहीच नव्हती. एक पोक्त बाई लांबून आली, तिनं पोराकडून जमिनीत सळई बसवून घेतली, मीठ घालून घेतलं, स्वतः तांब्यानं पाणी घातलं, आणि मग वर उजेडात जाऊन बसली. कोणीही तेच समजलं असतं. भागीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं मला अदबीनं विचारलं, “कोणत्या देवीचं ठाणं हाय बाबा हे?”

मी म्हटलं, “अर्थिंग आहे, आजी.”

“आर्थिंगमाय,” त्या मागे वळून बाकीच्यांना म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घेतला.

मी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. विमानाचंही सांगून पाहिलं, त्यानं प्रकरण आणखी वाढलं. अर्ध्या तासात तिथं नारळ फुटला. दर्शन घेऊन उठलेली बाई समोर पिको करणारी बाई बघायची, हातातल्या नव्या साडीकडे बघायची आणि विचारायची, करून देता का. तालुक्याच्या गावी साडी टाका आणि आठ दिवसांनी न्या, अशी तिथली पद्धत. इथे बाजार होईपर्यंत साडी तयार मिळत होती. आत्या प्रत्येकीला सांगायची की आज लग्नाचं काम आहे, आज नाही जमणार. बायका म्हणायच्या, मग पुढल्या बाजारी या, आणि बाजूला बसून तिचं काम बघायच्या. एक जण तिला वारा घालत होती.

बायडाबाई आल्या, आणि ट्यूब मंदावली. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. मोटार कण्हली आणि थांबली. बॅटरी उतरली होती. पाच-सहा साड्या राहिल्या होत्या, त्यात विहिणीची पैठणीही होती, मानाची. बायडाबाई घामाघूम, हातात हळकुंडांची पिशवी. त्या काही रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्या आत्याला म्हणाल्या, “ताई, इहीण लय कडक हाय. तिच्या साडीला दोरा सुटलेला दिसला, तर माझ्या पोरीला ती जन्मभर ऐकवल.”

बॅटरी भरायला गाडी पळवायला हवी. गाडी पळवली तरी घोटीहून गिरणी तासाभराची, तेवढ्यात बॅटरी भरत नाही, आणि रस्ता असा तसा. भरेपर्यंत पळवून मग शिवायला बसलं तर हळद उरकलेली. आत्यानं हे सगळं बहुधा माझ्या आधीच हिशेबात धरलं होतं. ती हौद्यात उभी राहिली, मशीन पुढच्या फळीला टेकवून सुतळीनं बांधलं आणि म्हणाली, “तू चालव. मी पण चालवते.”

मी आधी सळई उपटायला गेलो. भागीबाई आडव्या आल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. पाणी घातलेलं, नारळ फोडलेला, आता ती हलवायची नाय. मी म्हटलं, आजी, ही माझ्या टेम्पोची आहे. टेम्पो, मी स्वतः म्हटलं, ते मला नंतर जाणवलं. आत्यानं वरून कात्री पुढे केली. मी हिरवी वायर कापली. घोटीच्या बाजारात ती सळई राहिली, आणि सावळीरामकाका यावर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गाडी लोकांनी ढकलून सुरू करून दिली. बायडाबाई माझ्या शेजारी, आत्या मागे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन घुमवत आम्ही निघालो आणि थोड्या वेळानं मागे मोटार पुन्हा गुणगुणायला लागली. पण खड्डा आला की सुई उडणार. तेव्हा माझ्या डोक्यावर चिमणी चिवचिवली. एकदा. मी थांबलो. मग दोनदा. एसटीचा कंडक्टर घंटी मारतो तसं: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आत्या मागून रस्ता बघत नव्हती, ती कापड बघत होती. साडीचं टोक संपत आलं, बारीक काम आलं, की एक चिवचिवाट. सरळ शिवण असली की दोन. पुढे खड्डा दिसला तर मी हॉर्न द्यायचो आणि ती मोटारीच्या पेडलवरून पाय उचलायची. सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. एक बैलगाडीही गेली. गाडीवानानं मागे ट्यूबखाली शिवणारी बाई पाहिली आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कपाळाला हात लावला.

बायडाबाई आधी घट्ट डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्या मागच्या जाळीतून बघायला लागल्या. मग त्याच मला सांगायला लागल्या, “ह्या वळणाला हळू. पुढं मोरी हाय, तिथं थांबवा.” तो रस्ता त्यांना पाठ होता. असं माणूस नशिबानं मिळतं. चाळीस वर्षं कुठल्याही सर्कशीत न जाता, जिन्याखाली बसून, माझी आत्या हे सगळं करायला तयार होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

गिरणी आली तेव्हा मांडवात वाजंत्री सुरू झालेली होती. शेवटची साडी हातात घेऊन आत्या खाली उतरली आणि उतरल्यावर तिनं सगळी टोकं पुन्हा एकदा बोटांवरून फिरवली. एका साडीवर बोट थांबलं. गावच्या वेशीवर एक गतिरोधक होता, त्याची मला आणि बायडाबाईंना दोघांनाही आठवण राहिली नव्हती. तिथं पिको वितभर वाकडा गेला होता. दहा पावलांवरून कोणाला दिसला नसता. आत्यानं ती साडी गठ्ठ्यातून बाजूला काढली आणि म्हणाली, “ही देत नाही मी. उसवून, करून, उद्या आणून देते. चुकलंय.”

वाजंत्री चालू होती, आतून बायडाबाईंना हाका येत होत्या. त्यांनी आत्याच्या हातातून साडी घेतली, वाकड्या जागेवर अंगठा फिरवला.

“सरळ शिवलेल्या समद्या पाहुण्यांस्नी. ही मी नेसते,” त्या म्हणाल्या. “कशी शिवली ते मी बघितलंय ना. माझ्याच अंगावर पायजे ही.”

आणि त्या खरोखर ती नेसून हळदीला बसल्या. विहिणीनं पैठणीचं टोक उजेडाकडे धरून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि पैठणी घडी घालून मांडीवर ठेवली. आत्या मांडवाच्या खांबाशी उभी राहून हे बघत होती. मी तिला पाणी आणून दिलं. ती ते प्यायली नाही, भांडं हातात धरून राहिली.

बायडाबाईंनी आम्हाला त्या रात्री सोडलं नाही, लग्न लागल्यावरच जा म्हणाल्या. आणि लग्नात बायकांना कळायचं ते कळलं. रविवारी संध्याकाळी आसपासच्या वाड्यांवरून साड्या यायला लागल्या, सोमवारी सकाळी पुढच्या गावाहून बोलावणं आलं. आत्या मला म्हणाली, डिझेल आहे का बघ.

सोमवार म्हणजे भिकाशेठचा दिवस, आणि साड्या वेळेत पोचल्याचं घरी अजून कोणालाच माहीत नव्हतं. मी घाबरत घरी फोन लावला. आईनं उचलला आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. भिकाशेठ सकाळीच हातगाडी आणि हमाल घेऊन आले होते. बाबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग शब्द दिलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं त्यांना सांगितलं की मशीन इथं नाही, मशीन फिरतीवर गेलं आहे. भिकाशेठनं विचारलं, परत कधी येणार. बाबांनी तीस वर्षं जिल्हा परिषदेत लोकांना दिलेलं उत्तर त्यांना दिलं: सांगता येत नाही, पुढच्या आठवड्यात चौकशी करा. भिकाशेठ म्हणाले, पुढच्या सोमवारी येतो. बाबा म्हणाले, सोमवारी बाहेरगावी आहे.

“आणि आता?” मी विचारलं.

आता बाबा जिन्याखाली आत्याच्या जागेवर बसले होते, आई म्हणाली. आलेल्या साड्या घेत होते आणि प्रत्येक बाईला तिचं गाव विचारत होते. तेवढ्यात जिन्याखालून बाबांचा आवाज आला, तिला फोनवर थांबवून विचारत होते:

“अगं, त्यांना विचार, हरसूलचा बाजार कुठल्या वारी असतो?”